आरोहणवेग व ग्लाइडवेग

आरोहणवेग व ग्लाइडवेग : विमान वर चढताना राखायचे वेग आणि इंजिन बंद पडल्यास सर्वाधिक अंतर कापत उतरण्याचा वेग. व्हीएक्स या आरोहणवेगाने कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त उंची गाठता येते. धावपट्टीपुढे झाडे किंवा टेकडी असल्यास तो उपयोगी पडतो. व्हीवाय या वेगाने कमीत कमी वेळात जास्तीत जास्त उंची मिळते.

तत्त्व : आरोहण इंजिनाच्या शिलकीवर चालते. हवेचा विरोध भागवून उरलेला रेटा जिथे सर्वाधिक तो व्हीएक्स. उरलेली शक्ती सर्वाधिक तो व्हीवाय. ग्लाइडमध्ये इंजिनाचा वाटा नसतो. पंखांचे उत्थापन आणि हवेचा विरोध यांचे गुणोत्तर ज्या वेगाला सर्वाधिक, तोच सर्वोत्तम ग्लाइडवेग. हे गुणोत्तर ९ असेल, तर वारा नसताना ३०० मी. उंचीवरून विमान सुमारे २.७ किमी. जाते. वजन वाढल्यास ग्लाइडवेग वाढतो, अंतर मात्र तेवढेच राहते.

व्हीवाय म्हणजेच ग्लाइडवेग, हा समज चुकीचा आहे. प्रोपेलरच्या लहान विमानांत दोन्ही आकडे जवळ येतात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. सेस्ना १५२ या प्रशिक्षण विमानाचे, पूर्ण वजनाला व समुद्रसपाटीवर, व्हीएक्स ५५, ग्लाइडवेग ६० आणि व्हीवाय ६७ नॉट आहेत.

बीड परिसर : बीड जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवेचा विमानतळ नाही; राज्यात मात्र बारामती, गोंदिया, धुळे येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून ग्लायडर वर चढवत आले आहेत. दोर सुटल्यावर सारे उड्डाण ग्लाइडच्या गणितावरच चालते.

बीड शहर सुमारे ५०० मी. उंचीवर असून बालाघाटाची रांग जिल्ह्यातून जाते. उन्हाळ्यात पारा ४०° से. वर गेला की तेथील विरळ हवेत विमान सुमारे १,५०० मी. उंचीवर असल्यासारखे वागते. इंजिनाची शिल्लक घटते, चढ मंदावतो आणि व्हीएक्स व व्हीवाय एकमेकांकडे सरकतात. विमानाच्या कमाल उंचीमर्यादेला ते एकच होतात. ग्लाइडचे गुणोत्तर मात्र उन्हाने बदलत नाही आणि वेगदर्शकावरचा ग्लाइडवेगही तोच राहतो.

महत्त्व : व्हीवायने चढताना इंजिन बंद पडले, तर सेस्ना १५२ च्या वैमानिकाजवळ ग्लाइडवेगापेक्षा ७ नॉट जास्त असतात. व्हीएक्सने चढताना तो ग्लाइडवेगापेक्षा ५ नॉट खाली असतो आणि नाक उंच असल्याने वेग झपाट्याने घटतो. म्हणून अडथळा पार होताच व्हीवाय धरावा आणि इंजिन बंद पडल्यास सर्वप्रथम नाक खाली करावे.