घरची बोली, शाळेची भाषा

भगिनींनो, मी सातवीपर्यंतच शिकलेली. तरी आपल्या गावच्या इतिहासातली एक गोष्ट मांडते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा. घरची बोली गुजराती, म्हणून घोषणाही त्याने गुजरातीतूनच दिली. पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे चार सोबती हुतात्मे झाले. त्यांत शहा, वाणी होते, तसे केतकरही होते. बोली निरनिराळ्या, झेंडा एक!

१ मे १९६० रोजी भाषेवरून राज्ये झाली. पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातेत गेली, नंदुरबार महाराष्ट्रात राहिले. घरोघरी मात्र अहिराणी, भिली, गुजराती चालूच राहिल्या.

आता इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुले पाहुण्यांदेखत आजीशी अहिराणीत बोलायला लाजतात. माझ्या घरीही हेच पाहते. इंग्रजी अवश्य शिकवावी. तिच्यावाचून पुढे अडते. पण घरची बोली म्हणजे अडाणीपणा, हे मुलांच्या मनात रुजू देऊ नये. मुलांना एकदा हुतात्मा स्मारकापाशी न्यावे आणि ही हकीकत आपापल्या बोलीतच सांगावी. एवढे काम आपण आयांनी करण्यासारखे आहे.