झुडपी जंगल (नागभीड परिसर)

पूर्व विदर्भातील महसुली दप्तरांत, गावशिवारातील खुरट्या झाडोऱ्याच्या व लागवडीस नालायक ठरविलेल्या जमिनीस दिलेली संज्ञा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून तिचे क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर नोंदले गेले आहे. पळस, तेंदू, मोह, बोर ही तीवरील नेहमीची झाडे. तिचे खुरटेपण जमिनीच्या कसामुळे, की पिढ्यानुपिढ्यांच्या चराईमुळे व तोडीमुळे, याविषयी एकमत नाही.

इतिहास : मध्य प्रांताच्या अमदानीत गावचे रान मालगुजाराच्या (गावचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनदाराच्या) कबजात असे, मात्र सरपण, चराई व शेतीच्या अवजारांपुरते लाकूड यांवरील रयतेचा निस्तारहक्क वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढी व हक्कांच्या नोंदपत्रात) नोंदलेला असल्यामुळे मालगुजाराच्या मर्जीस काहीशी मर्यादा पडे. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात येऊन ही राने सरकारजमा झाली. तत्पूर्वी अनेक मालगुजारांनी मौल्यवान झाडे तोडून विकली, असे सांगितले जाते. पुढे महसूल खात्याने जिला पडीत मानली व वन खात्याने जिच्याकडे फारसे पाहिले नाही, अशी ही जमीन पट्टे, अतिक्रमणे, शाळा, कचेऱ्या यांच्या वाट्यास तुकड्यातुकड्यांनी जात राहिली. एकाही तुकड्यासाठी मोठी वृक्षतोड करावी लागली नाही, म्हणून तिच्या ऱ्हासाची स्वतंत्र मोजदाद झाली नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. माजी मालगुजारी (मामा) तलावांत साचणाऱ्या गाळाचे एक कारण त्यांच्या पाणलोटातील हा ऱ्हास होय.



न्यायनिर्णय : १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन त्यास १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू होतो, असे ठरविले. २२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगलही वनच ठरले. १९९६ च्या उपर्युक्त तारखेपूर्वी झालेली वाटपे केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्यास मुभा मिळाली, आणि वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचा मुख्य सचिवांचा दाखला असल्याखेरीज भरपाई वनीकरणासाठी ही जमीन वापरण्यास मनाई झाली.

वन्यजीव : वाघ, बिबट, अस्वल. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात घोडाझरी अभयारण्य, २०१८ पासून.