एक प्यादं, एक घर: १८५५ चा डाव कसा वाचायचा?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, आणि इथे गडचिरोलीत टपरीवरसुद्धा बुद्धिबळाच्या गप्पा सुरू झाल्या. एक वाक्य सारखं कानावर यायचं: "कितीतरी ओपनिंग आपल्याच, म्हणून तर त्यांना 'इंडियन' म्हणतात." अभिमान ठीक. पण संशोधनाची तयारी करताना पुढचा प्रश्न हवाच: पुरावा काय?

एक डाव घेऊ. मे १८५५, कलकत्ता. पांढरी मोहरी स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेनकडे, काळी मोहेशचंद्र बॅनर्जींकडे. मोहेशचंद्र आधी देशी नियमांनी खेळत. दुसऱ्याच चालीत त्यांनी राजाकडच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवलं, म्हणजे उंटाला तिरका रस्ता मोकळा. याचं स्पष्टीकरण नेहमी असं दिलं जातं: देशी बुद्धिबळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं, म्हणून ही सवय.

पटतं ना? मलाही पटलं होतं. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी ते तसंच लिहूनही टाकलं. मग डाव पटावर मांडून पाहिला.

तिसऱ्या चालीत मोहेशचंद्रांनी वजिरासमोरचं प्यादं थेट दोन घरं पुढे टाकलंय. पाचव्या चालीत युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट. आठव्या चालीत आणखी एक प्यादं दोन घरं. म्हणजे नवे नियम त्यांनी पुरते आत्मसात केले होते. 'सवय' हे कारण एका चालीला लागू पडेल, पण सगळ्या मांडणीला नाही. तिथे निवड दिसते, विचार दिसतो. सगळं श्रेय सवयीला दिलं की खेळाडूचं डोकंच इतिहासातून वजा होतं.

हा डाव कॉक्रेनने जिंकला. पुढे १९२२ साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत एर्न्स्ट ग्रुनफेल्डने काळ्या मोहऱ्यांनी हीच कल्पना वापरून अलेखाईनला हरवलं, आणि ओपनिंगला नाव मिळालं ग्रुनफेल्डचं. चाल आधीची, नाव नंतरचं. नावावरून उगम ठरवायला गेलो तर इथे फसलोच असतो.

तेव्हा दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. नाव हा पुरावा नव्हे. ते कुणी, कधी दिलं हा स्वतंत्र प्रश्न आहे. आणि एखादं स्पष्टीकरण फार पटकन पटलं, तर मूळ नोंद पुढची सहा चाली तरी वाचा.