मांजरसुंबा ते यूयूआयडी : एकमेव ओळखक्रमांकाची कुळकथा

धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता बालाघाटाच्या रांगेत जिथे छेदतो, तिथे बीड तालुक्यातील मांजरसुंबा वसले आहे. याच नावाचे दुसरे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात डोंगरगणजवळ असून ते किल्ल्यासाठी ओळखले जाते. नाव उच्चारायला सोपे असते, पण ते एकमेव असल्याची हमी कोणी देत नाही. या अडचणीवर टपाल खात्यात उपाय सुचवला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या अधिकाऱ्याने, आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा अंकी पिन कोड लागू झाला. त्याचा पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा आणि उरलेले तीन टपाल कार्यालय दाखवतात, म्हणून बीडकडच्या मांजरसुंब्याचा पिन 431 ने, तर अहिल्यानगरकडच्याचा 41 ने सुरू होतो. मात्र एका पिनखाली अनेक गावे येत असल्याने तो पत्राला वाट दाखवतो, गाव निश्चित करत नाही. ते काम 2011 च्या जनगणनेतील सहा अंकी गाव-संकेतांक करतो. तो देशभरात एकमेव आहे, पण तो पाठ असलेला गावकरी विरळाच.

महामार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या पाटीवरील ‘एमएच 23’ वाचताच गाडी बीडची हे कळते, आणि पुढची अक्षरे व चार आकडे एकच परिवहन कार्यालय वाटत असल्यामुळे क्रमांक दुसऱ्यांदा दिला जात नाही. सॉफ्टवेअरची अडचण इथेच सुरू होते, कारण एकमेकांशी न जोडलेल्या हजारो संगणकांना क्रमांक वाटून देणारे असे कार्यालय नसते. 1980 च्या दशकात अपोलो कम्प्युटरने विकसित केलेल्या कल्पनेतून यूयूआयडी, म्हणजे 128 बिटांचा ओळखक्रमांक, पुढे आला व 2005 मध्ये त्याचे इंटरनेट-मानक ठरले. त्याच्या चौथ्या आवृत्तीत 122 बिट यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही क्रमाशिवाय निवडलेले असतात. त्यामुळे दोन क्रमांक जुळण्याची शक्यता नगण्य राहते, पण 36 चिन्हांची ती ओळ फोनवरून सांगणे ही शिक्षाच. प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांनी सुचवलेल्या बत्तीस चिन्हांच्या लेखनपद्धतीत म्हणूनच आय, एल, ओ ही आकड्यांशी गल्लत होणारी अक्षरे वगळली आहेत. मे 2024 मधील नव्या मानकात सातव्या आवृत्तीने क्रमांकाच्या आरंभी काळाची नोंद घातली. त्याने क्रमवारी लावणे सुलभ झाले, वाचणे नव्हे. म्हणून सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसांपुढे ‘बीड-412’ असा छोटा क्रमांक ठेवावा आणि यूयूआयडी संगणकाच्या नोंदीतच राहू द्यावा, हेच व्यवहाराला धरून आहे.