शब्दवेध : चकमक

जव्हारच्या मुलखात दाभोसा येथे लेंडी नदी ज्या काळ्या कातळावरून कोसळते, तसल्या दख्खनी बेसाल्टच्या पोकळ्यांत सिलिकॉन या धातुसदृश मूलद्रव्याचे ऑक्साइड गारगोटीच्या रूपाने ठिकठिकाणी आढळते. आणि वृत्तपत्रांत वारंवार ‘चकमक’ वाचताना मला त्या गारेचेच स्मरण होते. तुर्की ‘चाकमाक’, म्हणजे आघात करून ठिणगी पाडणे, हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत उतरला, तेव्हा तो अग्नी पाडण्याच्या साधनाचा वाचक होता. मोहसच्या काठिण्यश्रेणीत गारगोटीचा क्रमांक ७. साध्या पोलादाहून ती कठीण असल्यामुळे तिच्या घावाने पोलादाचा सूक्ष्म कीस निघून, तापून, हवेत पेट घेतो, म्हणजे दगडाची समजली जाणारी ती ठिणगी वस्तुतः लोखंडाची असते, हे मला फार विलक्षण वाटते. ठिणग्या झडतात, म्हणून शस्त्रांची अल्पकालीन झुंजही ‘चकमक’ होऊन ‘झडू’ लागली असावी. आगपेटी आली, मूळ अर्थ मागे पडला. आज गडचिरोलीच्या अरण्यात पोलिसांची नक्षलवाद्यांशी चकमक उडते, विधिमंडळात ‘शाब्दिक चकमक’ होते, आणि एखादा अधिकारी ‘चकमकफेम’ म्हणून ओळखला जातो.