मॉडेल रेल्वेसाठी अंकीय नियंत्रण-प्रणालीची निवड : एका मानकाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात मानकांचा विचार बहुधा मोठ्या उद्योगांच्या संदर्भात केला जातो. छंद म्हणून जोपासल्या जाणाऱ्या मॉडेल रेल्वेकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक, निरनिराळ्या उत्पादकांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या प्रणाली बाजारात असताना छांदिष्टांच्याच एका संघटनेने सर्वांसाठी एक भाषा निवडावी, ही घटना अभ्यासनीय आहे. ही निवड कशी झाली आणि तिच्या कक्षेबाहेर काय राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मानकापूर्वीचे प्रयोग

पारंपरिक पद्धतीत रुळांमधून सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला जातो. दाब वाढविला की इंजिनाचा वेग वाढतो. ध्रुव उलटले की दिशा बदलते. अर्थात त्या रुळावर दोन इंजिने असतील तर दोन्ही एकदमच धावू लागतात. यावर उपाय म्हणून संपूर्ण मार्ग विद्युतदृष्ट्या अलग खंडांत विभागला जाई व प्रत्येक खंडास स्वतंत्र स्विच जोडला जाई. परिणामी छांदिष्ट गाडी चालवीत नसे, तो रूळ चालवीत असे.

ही अडचण दूर करण्याचा एक आरंभीचा व्यापारी प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीची १९६० च्या दशकातील ‘अ‍ॅस्ट्रॅक’ ही पाच इंजिनांची प्रणाली होय. १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने ‘झिरो १’ प्रणाली पुढे आणली. तीत सोळा इंजिने स्वतंत्रपणे चालविता येत. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकन मासिकाने कीथ गुटिएरेझ यांच्या ‘सीटीसी-१६’ प्रणालीची माहिती छापण्यास प्रारंभ केला. ती वाचून कोणीही घरी यंत्रणा जोडावी, हा उद्देश होता. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीची १९८० च्या दशकाच्या मध्यातील अंकीय प्रणाली ऐंशी इंजिनांपर्यंत पोहोचली. या संख्येमागे साधे गणित होते : चार स्थाने, प्रत्येक स्थानी तीन पर्याय, म्हणजे एकूण ८१ संयोग, त्यांपैकी ८० वापरात आले.

तथापि यांपैकी एका प्रणालीचा संवेदक बसविलेले इंजिन दुसऱ्या प्रणालीच्या रुळावर बहिरेच ठरे. प्रणालीची निवड ही त्यामुळे एका उत्पादकाशी दीर्घकाळ बांधून घेणे होते. ‘झिरो १’ बंद पडल्यावर तिच्या ग्राहकांना याचा अनुभव आला.

निवड

अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संघटना १९३५ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झाली, तीच मुळी निरनिराळ्या उत्पादकांची चाके व रूळ परस्परांशी जुळावेत या हेतूने. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिच्या कार्यगटाने उपलब्ध नियंत्रण-प्रणालींची तपासणी केली व उत्पादकांकडून प्रस्ताव मागविले. प्रतिसाद अल्प होता. मार्क्लिन आणि केलर इंजिनिअरिंग हे दोघेच पुढे आले. अखेरीस पाया म्हणून स्वीकारण्यात आली ती जर्मनीतील बर्न्ड लेंझ यांनी दोन रुळांच्या मार्गासाठी विकसित केलेली संदेशपद्धती. १९९४ मध्ये ‘डिजिटल कमांड कंट्रोल’, म्हणजेच डीसीसी, हे मानक संमत झाले.

लेंझ-पद्धतीचा गुण तिच्या रचनेत होता. रुळांतील प्रवाह सतत दिशा बदलत राहतो आणि या बदलांमधील काळ हाच संदेश असतो. ‘एक’ या अंकासाठी प्रत्येक अर्धभाग ५८ मायक्रोसेकंदांचा, तर ‘शून्य’ साठी साधारणतः १०० किंवा अधिक. डिकोडर केवळ काळ मोजतो. कोणता रूळ धन व कोणता ऋण, याच्याशी त्यास कर्तव्य नसते. म्हणून इंजिन रुळावर कोणत्याही बाजूने ठेवले तरी संदेश तोच वाचला जातो. मार्क्लिनच्या मध्यवर्ती संपर्काच्या मार्गावर हा प्रश्न मुळात उद्भवतच नव्हता. दोन रुळांच्या मार्गावर तो कळीचा होता. प्रत्येक संदेशाच्या शेवटी चूक ओळखणारा भाग जोडलेला असतो आणि संदेशाची लांबी वाढविता येते. या लवचीकतेमुळेच इंजिनांचे क्रमांक पुढे १०,२३९ पर्यंत नेता आले.

आणखी एक तपशील लक्षणीय आहे. डिकोडरच्या आठव्या नोंदीत उत्पादकाचा क्रमांक असतो. लेंझ यांचा ९९, अमेरिकेच्या डिजिट्रॅक्सचा १२९. क्रमांक १३ मात्र घरी डिकोडर बनविणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. ‘सीटीसी-१६’ च्या वाचकांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

मानकाची सीमा

१९९४ च्या मानकाने रूळ व इंजिन यांमधील संवाद निश्चित केला. चालकाच्या हातातील नियंत्रक आणि मुख्य यंत्र यांमधील तार मात्र मोकळी सोडली. लेंझचे ‘एक्स्प्रेसनेट’, डिजिट्रॅक्सचे ‘लोकोनेट’ अशा निराळ्या वाटा त्यातून निघाल्या. इंजिन कोठलेही घ्यावे, पण नियंत्रक घेताना पुन्हा एका उत्पादकाचे व्हावे, अशी ही अर्धी मुक्तता होती. ग्राहकाचा खरा निर्णय डिकोडरकडून नियंत्रकाकडे सरकला. याला कार्यगटाची त्रुटी म्हणणे अन्यायाचे होईल. कारण अधिक व्यापक मानकासाठी उत्पादकांची संमती मिळणे कठीणच होते.

ही पोकळी भरून काढण्यात छांदिष्टांनी लिहिलेल्या ‘जेएमआरआय’ या मुक्त संगणक-प्रणालीचा वाटा मोठा आहे. ती निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांशी बोलते व त्यांच्या डिकोडरांच्या नोंदींची वर्णने फाइलींच्या रूपात बाळगते. याच फाइलींवरून वाद उभा राहिला. बर्कली येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांनी मॅथ्यू कॅट्झर यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. परवान्यातील अटी न पाळता या फाइली वापरल्या, ही त्यांची तक्रार होती. २००७ मध्ये जिल्हा न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. १३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला : मुक्त परवान्यातील अटींचा भंग हा केवळ करारभंग नसून स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. खेळण्यातील आगगाड्यांच्या निमित्ताने दिला गेलेला हा निर्णय पुढे मुक्त आज्ञावलीविषयक कायद्यातील महत्त्वाचा आधार ठरला. मूळ दावा २०१० मध्ये तडजोडीने मिटला आणि कॅट्झर यांनी जेकबसन यांना एक लाख डॉलर देण्याचे मान्य केले.