सहा तारा आणि न मळलेली वाट

पाश्चात्य वाद्यवृंदात व्हायोलिन, चेलो, बासरी यांना कायमची आसने असतात. गिटारला मात्र तेथे स्थान नाही. त्यामुळे अभिजात गिटारवादकाला वाद्यवृंदातील नोकरीचा आधार नसतो. एकल वादनाची मैफल हेच त्याचे व्यासपीठ आणि तीच त्याची परीक्षा. ज्या देशात गिटार घेऊन आजवर कोणी संगीताची पदवी मिळवली नव्हती, त्या चीनमधून येऊन जगभरच्या सभागृहांत पोहोचलेल्या श्वेफेई यांग यांची कारकीर्द म्हणूनच लक्षणीय ठरते.

भारतीय रसिकांना गिटार परिचित आहे ती प्रामुख्याने चित्रपटगीतांतून, किंवा 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेतील पं. ब्रिजभूषण काबरा यांच्या वादनातून. काबरा गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी फिरवीत. अभिजात गिटारचे तंत्र निराळे आहे. नायलॉनच्या तारा असलेले हे वाद्य डाव्या मांडीवर टेकवले जाते. वादक नखी वापरीत नाही. उजव्या हाताची वाढवलेली नखे आणि बोटांची टोके यांनीच तार छेडली जाते. अंगठा खर्जातील स्वर सांभाळतो, तर उरलेली बोटे मुख्य धून आणि तिची साथ वाजवतात. एकच वादक, पण दोन-तीन जण वाजवीत असल्याचा भास होतो तो यामुळे.

यांग यांचा जन्म १९७७ साली बीजिंगमध्ये, सांस्कृतिक क्रांतीची अखेर झाल्यानंतरच्या वर्षी झाला. त्या दशकात पाश्चात्य कलांकडे संशयाने पाहिले गेले होते. पियानो व व्हायोलिन यांना पुढे प्रतिष्ठा परत मिळाली. गिटार मात्र हलक्याफुलक्या गाण्यांच्या साथीचेच वाद्य समजले जाई. सातव्या वर्षी यांग यांनी ते हाती घेतले आणि दहाव्या वर्षी जाहीर वादन केले. बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्व्हेटरीतील गुरू चेन झी यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. त्या मार्गाने आधी कोणी गेलेले नसल्याने शिक्षणानंतर उदरनिर्वाह कसा होईल, हे सांगणारे एकही उदाहरण समोर नव्हते. एका लहान मुलीने आणि तिच्या कुटुंबाने पत्करलेला हा धोका सामान्य नव्हता. गिटारवादनात पदवी मिळवणाऱ्या त्या चीनमधील पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या.

चौदाव्या वर्षी त्यांनी माद्रिदमध्ये वादन केले, तेव्हा श्रोत्यांत होआकिन रॉद्रिगो उपस्थित होते. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या या स्पॅनिश संगीतकाराने १९३९ मध्ये रचलेला 'कॉन्सिएर्तो दे अरान्हुएझ' हा गिटार व वाद्यवृंदासाठीच्या रचनांतील सर्वाधिक लोकप्रिय मानला जातो. १९९५ मध्ये ख्यातनाम गिटारवादक जॉन विल्यम्स बीजिंगला आले. तेथील विद्यार्थ्यांचे, विशेषतः यांग यांचे वादन ऐकून ते इतके प्रभावित झाले, की ऑस्ट्रेलियाचे कारागीर ग्रेग स्मॉलमन यांनी घडवलेल्या आपल्या दोन गिटार त्यांनी संस्थेला दिल्या. पातळ तबकडीखाली जाळीदार आधार असलेली ही वाद्ये नेहमीच्या गिटारपेक्षा अधिक घुमतात. उत्तम वाद्याची वानवा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही मोलाची भेट होती.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून यांग लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाल्या आणि २००२ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण करून त्यांनी लंडनलाच कर्मभूमी केले. २००५ मध्ये ईएमआय या कंपनीने त्यांच्याशी करार केला. पुढच्याच वर्षी 'रोमान्स दे आमोर' हा संग्रह प्रसिद्ध झाला. २००८ मधील '४० डिग्रीज नॉर्थ' या संग्रहाचे नाव बोलके आहे. बीजिंग आणि माद्रिद ही दोन्ही शहरे जवळपास ४० अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहेत; एक त्यांचे जन्मगाव, तर दुसरे गिटारच्या मायदेशाची राजधानी.

या नावामागे गिटारवादकाची खरी अडचणही दडलेली आहे. बेथोव्हेन वा ब्राह्म्स यांनी एकल गिटारसाठी काही लिहिले नाही. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोविया यांनी समकालीन संगीतकारांना गिटारसाठी लिहिण्यास प्रवृत्त केले, तेव्हा या वाद्याचा संग्रह वाढू लागला. यांग यांनी तोच वारसा पुढे नेला. चिनी लोकधुनांची त्यांनी स्वतः गिटारसाठी रूपांतरे केली. ब्रिटिश संगीतकार स्टीफन गॉस यांनी त्यांच्यासाठी नव्या रचना लिहिल्या. पीपा या चिनी तंतुवाद्याची एकच स्वर झरझर छेडण्याची शैली आणि स्पॅनिश गिटारमधील 'ट्रेमोलो' यांचे नाते जुळणारे आहे. त्यामुळे ही रूपांतरे उपरी वाटत नाहीत.

अशा मैफलीस प्रथमच जाणाऱ्या श्रोत्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गिटारचा नाद मुळातच हळुवार असतो आणि छेडलेला स्वर क्षणात विरू लागतो. पियानोप्रमाणे तो सभागृह भारून टाकत नाही. श्रोत्यालाच त्याच्याजवळ जावे लागते. पहिल्या काही मिनिटांत कान त्या पट्टीला सरावले, की तारेवर सरकणाऱ्या बोटांचा आवाजही संगीताचाच भाग वाटू लागतो. साथीदार नाही, समोर बहुधा स्वरलिपीचा कागदही नाही. कोणतीही वहिवाट नसताना ही वाट निवडणाऱ्या वादकाला दर मैफलीत त्या एकाकी खुर्चीवर पुन्हा आपली पात्रता सिद्ध करावी लागते.